शाळांसाठी मॉडेल यूएन: एका सत्राच्या कामाच्या नोंदी

मॉडेल यूएन म्हणजे मुलांनी देशांचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रसंघाच्या बैठकीसारखी बैठक चालवायची. नववी ते बारावीच्या मुलांसाठी, अनेक शाळा मिळून, एक सत्रभर सराव आणि शेवटी दोन दिवसांची अभिरूप आमसभा असा हा उपक्रम होता. असंच काही सुरू करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी बहुतेक जशा लिहिल्या तशाच ठेवल्या आहेत. नियमावल्या सगळीकडे मिळतात. इथे आहे ते कुठे अडलं आणि मग काय केलं, एवढंच.

८ जून: विषय

विषय ठरवायला अपेक्षेपेक्षा बराच जास्त वेळ गेला. शाळांकडून पहिली मागणी आली ती सुरक्षा परिषदेची आणि चालू युद्धाची. दोन्ही नाकारलं. चालू युद्धावर मुलं बातम्यांमधल्या घोषणा घेऊन येतात, आणि तिथला माणूस ज्याच्या घरात आहे असं मूल वर्गात असेल तर त्याला दोन दिवस गप्प बसावं लागतं. सुरक्षा परिषदेत १५ सदस्य, त्यातल्या ५ जणांकडे नकाराधिकार. नवशिक्या मुलांच्या हाती तो दिला की वाटाघाटी संपतात आणि पाटी वर करणं एवढंच उरतं. हवामानबदल हा विषय इतका पसरट आहे की सगळेच सगळ्याला हो म्हणतात.

शेवटी आंतरराष्ट्रीय नद्यांच्या पाण्याचा वापर हा विषय घेतला. तीन गोष्टी पाहिल्या होत्या: खरा मजकूर उपलब्ध हवा, खऱ्या मतदानाची नोंद हवी आणि कोण बरोबर, कोण चूक हे सहज सांगता येऊ नये. इथे तिन्ही आहेत. आमसभेने २१ मे १९९७ रोजी आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांविषयीचा करार स्वीकारला. बाजूने १०३, विरोधात ३ (चीन, तुर्कस्तान, बुरुंडी), तटस्थ २७. अंमलात यायला ३५ देशांची मान्यता लागत होती. ती पुरी होऊन करार १७ ऑगस्ट २०१४ला लागू झाला, म्हणजे १७ वर्षांनी. आणि शिकवायला सगळ्यात उपयोगी गोष्ट अशी की निळ्या नाईलच्या उगमाकडचा इथिओपिया आणि नाईलच्या मुखाकडचा इजिप्त, दोघेही तटस्थ राहिले. एकाच मजकुराने दोघांचंही समाधान का झालं नाही, या एका प्रश्नावर अख्खं सत्र उभं राहू शकतं.

१५ जून: कोणते देश

१९३ देशांचं सभागृह आपल्याला पेलणारं नाही. ३० शिष्टमंडळं, प्रत्येकात दोघं, असं ठरवलं. एकटा प्रतिनिधी ठेवू नका. एक जण सभागृहात बसला की दुसऱ्याला बाहेर बोलणी करता येतात, आणि बुजरं मूलसुद्धा जोडीदाराबरोबर तोंड उघडतं.

देश ओळखीचे म्हणून निवडले नाहीत. आधी नद्या निवडल्या. नाईल, युफ्रेटिस-तैग्रिस, मेकाँग, सेनेगल, डॅन्यूब, सिर दर्या. प्रत्येक नदीवरचे वरचे (उगमाकडचे) आणि खालचे (मुखाकडचे) देश घेतले, मग नदीचा थेट संबंध नसलेले थोडे. सेनेगल नदी मुद्दाम घेतली, कारण तिथल्या देशांनी १९७२ मध्ये संयुक्त संघटना काढली आणि मनंतालीसारखं धरण सामाईक मालकीचं ठेवलं. भांडणाचीच उदाहरणं समोर ठेवली तर मुलांना भांडणच नैसर्गिक वाटतं.

२९ जून: वाटप

मोठे देश मिळावेत म्हणून शाळांची ओढाताण झाली. आमसभेत प्रत्येक देशाला एकच मत, हे सांगून कोणाचंही समाधान झालं नाही. मग नियम केला: प्रत्येक शाळेला एक वरचा देश, एक खालचा देश, एक नदीबाहेरचा. आणि एकाच नदीवरचे दोन देश एका शाळेकडे कधीच नाहीत, नाहीतर तडजोड शाळेच्या बसमध्येच होऊन जाते आणि सभागृहात नुसतं तिचं वाचन होतं.

माल्टा मिळालेल्या जोडीचा चेहरा पडला. "आमच्याकडे नदीच नाही, आम्ही बोलायचं काय?" त्यांना आर्विद पार्दो यांची गोष्ट सांगितली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाच्या या राजदूतांनी आमसभेच्या समितीत समुद्रतळ ही साऱ्या मानवजातीची सामाईक ठेव मानावी अशी मांडणी केली. सागरी कायद्याच्या पुढच्या वाटाघाटींना त्यातून मोठी चालना मिळाली. ज्याचा थेट हितसंबंध नाही त्याच्यावर इतर लोक मजकूर सांभाळायला सोपवतात, हेही सांगितलं. या जोडीकडे पुढे काय काम आलं ते ऑक्टोबरच्या नोंदीत आहे.

१३ जुलै: पोझिशन पेपर बंद

आलेले पोझिशन पेपर, म्हणजे आपल्या देशाची भूमिका मांडणारे कागद, वाचून काढले आणि बाजूला ठेवले. राजधानी, लोकसंख्या, चलन, मग "आमचा देश शांतता आणि सहकार्यावर विश्वास ठेवतो." वेगवेगळ्या देशांच्या कागदांत तेच परिच्छेद. काही सरळ उतरवलेले, काही यंत्राकडून लिहून घेतलेले, गुळगुळीत आणि कोणत्याही देशाला चालतील असे. मुलांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. आम्ही प्रश्नच असा विचारला होता की त्याचं उत्तर उतरवून देता येत होतं.

नवा कागद एका पानाचा, हाताने लिहायचा आणि तीनच प्रश्नांचा. आपण कोणत्या नदीवर, वर की खाली? १९९७ मध्ये आपल्या देशाने कसं मत दिलं आणि कारण काय सांगितलं? कोणत्या वाक्याखाली आपण सही करणार नाही? दुसऱ्या प्रश्नासाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या डिजिटल ग्रंथालयातली मतदानाची आणि बैठकांची नोंद शोधावी लागते. ती शोधायला शिकवण्यात एक अख्खी बैठक गेली, आणि ती सार्थकी लागली. एका मुलीने विचारलं, "माझ्या देशाने मतच दिलं नाही, तो त्या दिवशी हजरच नव्हता. मग मी काय लिहू?" हाच प्रश्न आम्हाला हवा होता.

२७ जुलै: सरावाची बैठक, फसलेली

वक्त्यांची यादी, प्रत्येकाला दीड मिनिट. मुलांनी छान भाषणं केली. ऐकलं कोणीच नाही, कारण प्रत्येक जण आपल्या पाळीची तयारी करत होता. ज्या मुलांनी आधी अशा स्पर्धा केल्या होत्या त्यांनी मॉडरेटेड कॉकस (अध्यक्षाने नावं पुकारून चालवलेली छोट्या भाषणांची चर्चा), अनमॉडरेटेड कॉकस (जागा सोडून मोकळी बोलणी), पॉइंट ऑफ ऑर्डर (नियम मोडल्याची हरकत) यांचा सपाटा लावला. नवीन मुलं नियमांना घाबरून गप्प झाली. पाऊण तास प्रस्तावांवरच्या प्रस्तावांत गेला. मध्यंतरानंतर एका प्रतिनिधीने घरून लिहून आणलेला पूर्ण ठराव बाहेर काढला आणि बाकीचे त्यावर सह्या करायला लागले.

खऱ्या आमसभेत हे असं चालत नाही. तिथले बहुसंख्य ठराव मतदान न होता, एकमताने स्वीकारले जातात. मजकुराची खरी झटापट त्याआधी अनौपचारिक बैठकांत, परिच्छेदागणिक होते. मॉडरेटेड कॉकस हा प्रकार आमसभेच्या नियमावलीत नाही. तो विद्यार्थी-स्पर्धांनी घडवला आहे. स्पर्धेला तो सोयीचा आहे, कारण त्यात कोण किती वेळा बोललं हे मोजता येतं. आम्हाला तेच नको होतं.

लगेच तीन बदल केले. नियम एका पानात बसवले. घरून लिहून आणलेला मसुदा चालणार नाही. आणि उत्कृष्ट प्रतिनिधी हे पारितोषिक रद्द.

१० ऑगस्ट: पारितोषिकाचा वाद

तिसरा बदल महागात पडला. एका शाळेने नाव मागे घेतलं. पारितोषिकाशिवाय पालकांना काय सांगायचं, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. पण बक्षीस ठेवलं की मूल परीक्षकाकडे बघून बोलतं. शेजारच्या देशाला पटवण्यात वेळ घालवणं त्याला परवडत नाही. दुसऱ्याचा मुद्दा मान्य करणं म्हणजे त्याला गुण देणं ठरतं. वाटाघाटी शिकवायच्या आणि त्याच वेळी वाटाघाटी करणाऱ्याला मागे टाकणारं मोजमाप ठेवायचं, हे जमणार नाही. म्हणून निर्णय तसाच ठेवला. बदल्यात प्रत्येक शिष्टमंडळाला शेवटी लेखी अभिप्राय द्यायचं कबूल केलं: तुम्हाला काय मिळवायचं होतं, काय मिळालं, कशाच्या बदल्यात. गळलेल्या शाळेचे देश राखीव यादीतल्या मुलांना दिले. राखीव यादी सुरुवातीपासून ठेवा.

१७ ऑगस्ट: सूचनापत्रं

या सत्रातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

राजनैतिक अधिकारी स्वतःचं मत मांडत नाही. त्याला राजधानीकडून सूचना येतात आणि त्या चौकटीत राहून तो बोलतो. आमच्या मुलांकडे देशाचं नाव होतं, माहिती होती, पण सूचना नव्हत्या. मग ती वक्तृत्वाकडे वळली, कारण दुसरं करण्यासारखं काही आम्ही त्यांच्या हातात दिलंच नव्हतं.

आता प्रत्येक शिष्टमंडळाला परराष्ट्र मंत्रालयाकडून आल्यासारखं अर्ध्या पानाचं गोपनीय पत्र. त्यात चार भाग: मिळवायचंच असं, सोडलं तरी चालेल असं, कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही असं, आणि एखाद्या ठरावीक देशाकडून काढून आणायचं असं. इथिओपियाचं पत्र असं होतं:

"समन्यायी आणि वाजवी वापराचं तत्त्व मजकुरात आलंच पाहिजे, आणि ते हानीच्या परिच्छेदाच्या आधी. प्रकल्पाची पूर्वसूचना देण्यास हरकत नाही. पूर्वसंमती घेण्याचं बंधन मान्य नाही. १९५९चा करार आपल्याला लागू होतो असं सुचवणारं एकही वाक्य नको. माहितीची देवाणघेवाण आवश्यक वाटल्यास देता येईल, पण मोबदल्याशिवाय नाही."

१९५९च्या करारात इजिप्त आणि सुदान यांनी नाईलचं पाणी आपसांत वाटून घेतलं, ५५.५ आणि १८.५ अब्ज घनमीटर. इथिओपिया त्यात नव्हता. ही एक माहिती पत्रात घातली की मुलं पुढचं स्वतः शोधतात.

पत्र लिहिणं हे सगळ्यात वेळखाऊ काम आहे. एका पत्राला एक संध्याकाळ लागते, तीही विषय माहीत असलेल्या माणसाला. पत्रं खऱ्या भूमिकांशी जुळणारी हवीत, नाहीतर हुशार मूल नोंदी तपासून येतं आणि म्हणतं, आमचा देश असं कधीच म्हणालेला नाही. आमची पहिली पत्रं खऱ्या भूमिकांना धरून होती, पण फार घट्ट झाली. कागदावर तपासलं तेव्हा दिसलं की पूर्वसूचनेच्या मुद्द्यावर वरच्या आणि खालच्या देशांना एकत्र उभं राहायला जागाच नव्हती. मग मोठा तक्ता केला, आडवे मुद्दे, उभे देश, आणि प्रत्येक चौकोनात 'हवं', 'चालेल' किंवा 'नाही'. ज्या मुद्द्यावर कुठेच 'चालेल' नाही तिथली पत्रं सैल केली. एक-दोन मुद्दे मुद्दाम घट्ट ठेवले. सगळं सुटलंच पाहिजे असं नाही.

सोबत राजधानीची खोली. शेजारच्या वर्गात दोन शिक्षक. सूचना बदलून हव्या असतील तर लेखी विनंती करायची: काय सोडायचं आहे, बदल्यात काय मिळतंय. उत्तर पंधरा मिनिटांनी मिळतं, आधी नाही. हा उशीर महत्त्वाचा आहे. तेवढ्या वेळात समोरच्याला थोपवून धरावं लागतं.

३१ ऑगस्ट: सरावाची बैठक, चाललेली

सभागृह तेच, मुलं तीच. तासाभरात आवाज खाली आला. मुलं भाषण करेनाशी झाली आणि एकमेकांच्या बाकांपाशी जाऊन बसायला लागली.

नाईलच्या गटाजवळ मी बराच वेळ उभा होतो. समोर एकच कागद. इथिओपियाला समन्यायी वापराचा परिच्छेद आधी हवा, इजिप्तला लक्षणीय हानी न करण्याचा. १९९७च्या करारात पहिलं तत्त्व कलम ५ मध्ये आहे आणि दुसरं कलम ७ मध्ये, हे इथिओपियाच्या मुलाने दाखवलं. इजिप्तची मुलगी म्हणाली, "म्हणूनच तर आम्ही तटस्थ राहिलो." मुलगा म्हणाला, "आम्हीपण." दोघंही थांबली. मग सुदानचा मुलगा, जो तोवर नुसता ऐकत होता, म्हणाला, "क्रम नंतर ठरवा. पावसाळ्यात पाणी सोडायच्या किती तास आधी मला कळवणार, ते आत्ता सांगा." सुदान एकासाठी खालचा आहे आणि दुसऱ्यासाठी वरचा. त्याच्या पत्रात माहितीच्या देवाणघेवाणीला पहिला क्रमांक होता, करारातलं कलम ९ त्याच्यावरच आहे. अर्ध्या तासात तिघांनी पूरकाळात रोजच्या विसर्गाची माहिती देण्याचा परिच्छेद लिहिला. इथिओपियाने त्याचा मोबदलाही मागितला: धरणांच्या सुरक्षिततेच्या अभ्यासाचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा.

क्रमाचा वाद सुटला नाही. तो ऑक्टोबरपर्यंत तसाच राहिला आणि राहू दिला.

डॅन्यूबच्या गटात हंगेरी आणि स्लोव्हाकिया आम्हाला विचारायला आले की न्यायालय निकाल देईल का. त्यांना आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा २५ सप्टेंबर १९९७चा निकाल वाचायला दिला. डॅन्यूबवरच्या धरणांवरून याच दोन देशांत झालेल्या वादात न्यायालयाने दोन्ही बाजूंच्या चुका दाखवल्या आणि दोघांना पुन्हा वाटाघाटीला बसायला सांगितलं. ते कागद घेऊन परत गेले.

१४ सप्टेंबर: अध्यक्ष आणि भाषा

अध्यक्ष म्हणून जुने विद्यार्थी घेतले. त्यांना भाषणाची सवय होती, गप्प बसण्याची नव्हती. सरावात एका अध्यक्षाने अडलेला परिच्छेद स्वतःच सुधारून दिला. मजकूर चांगला झाला, पण तो कोणाचाच नव्हता, त्यामुळे पुढच्या वादात त्याची बाजू घ्यायला कोणी उभं राहिलं नाही. अध्यक्षांना आता एवढंच काम: पुढे कोण बोलणार, कोणता परिच्छेद चालू आहे आणि कोणाची हरकत बाकी आहे.

भाषेचा प्रश्न जास्त गंभीर निघाला. काही मुलं इंग्रजीत अडखळत होती आणि त्यांचे मुद्दे वाया जात होते. आमसभेच्या नियमांनुसार सहा अधिकृत भाषांखेरीज इतर भाषेतही बोलता येतं, मात्र दुभाष्याची सोय त्या प्रतिनिधीने स्वतः करायची असते. तोच नियम आम्ही घेतला. एकाने मातृभाषेत बोलायचं, जोडीदाराने इंग्रजीत सांगायचं. वेळ दुप्पट लागतो, तो वेळापत्रकात धरला. लाओसच्या जोडीतली मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा सलग बोलली, आणि सगळ्यांना कळलं की मेकाँगचा अभ्यास या खोलीत तिच्याइतका कोणाचाच नाही.

५ आणि ६ ऑक्टोबर: आमसभा

पहिल्या दिवशी दुपारी गोंधळ झाला. मसुद्याच्या दोन प्रती फिरत होत्या. मेकाँगचा गट एका प्रतीवर दुरुस्त्या करत होता, बाकीचे दुसरीवर. तासभर वाया गेला आणि एक चांगली दुरुस्ती हरवली, ती व्हिएतनामने आठवणीतून पुन्हा लिहिली. संध्याकाळी नियम केला: मूळ फाइल एकच, तिला हात लावायचा फक्त सचिवालयाने, प्रत्येक छापील पानावर आवृत्तीचा क्रमांक आणि वेळ. जुनी पानं गोळा केल्याशिवाय नवी वाटायची नाहीत. हे पहिल्या दिवशी सकाळपासून करा.

मजकूर एकत्र आणायचं काम माल्टाच्या जोडीकडे गेलं. कोणी नेमलं नाही. दोन्ही बाजू आपापली वाक्यं त्यांच्याकडे नेऊन द्यायला लागल्या, कारण त्यांचं स्वतःचं काही अडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हानी आणि समन्यायी वापर ही दोन्ही तत्त्वं एकाच परिच्छेदात, एकाच वाक्यात बसवून आणली. इथिओपियाने राजधानीकडे विनंती पाठवली. पंधरा मिनिटं सगळा गट थांबून होता. राजधानीने होकार दिला, पण माहितीच्या परिच्छेदात 'रोज'च्या जागी 'नियमितपणे' हवं अशी अट घातली. त्यावर सुदान अडून बसला. शेवटी पूरकाळात रोज, एरवी नियमितपणे असं ठरलं.

पूर्वसूचनेच्या परिच्छेदात खालच्या देशाला उत्तर द्यायला सहा महिने दिले होते. ही मुदत करारातूनच घेतलेली. तुर्कस्तानने त्यावर वेगळं मतदान मागितलं. तो त्यांचा हक्क होता आणि सूचनापत्राप्रमाणे त्यांना तेच करायचं होतं. मतदान झालं, परिच्छेद राहिला. मग पूर्ण ठराव मतदानाशिवाय स्वीकारला गेला आणि तुर्कस्तानने आपली भूमिका स्पष्ट करणारं निवेदन केलं: एकमत मोडत नाही, पण हा परिच्छेद आमच्यावर बंधनकारक मानत नाही. त्या मुलाने ते निवेदन जागच्या जागी लिहिलं होतं. त्या दोन दिवसांतलं सगळ्यात नेमकं भाषण तेच होतं, असं माझं मत आहे.

१२ ऑक्टोबर: खर्च, वेळ, अभिप्राय

सगळ्यात जास्त पैसा मुलांच्या प्रवासावर गेला, त्याखालोखाल छपाईवर. झेंडे आणि बिल्ल्यांवर केलेला खर्च पूर्ण वाया. देशाच्या नावाची जाड कागदाची पाटी पुरते. प्रोजेक्टरवर चालू परिच्छेद दाखवणं मात्र आवश्यक आहे, तिथे काटकसर करू नका.

लेखी अभिप्राय लिहायला आम्हाला ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण कोणत्या देशाने काय दिलं आणि काय घेतलं याची नोंद बैठकीत कोणी ठेवलीच नव्हती. राजधानीच्या खोलीत आलेल्या विनंत्यांवरून ती जुळवावी लागली. पुढच्या वेळी प्रत्येक नदीच्या गटाजवळ एक नोंद ठेवणारा बसवायचा, त्याने फक्त देवाणघेवाण लिहायची.

गळलेल्या शाळेच्या शिक्षकांनी अभिप्रायाचा नमुना मागवला आहे. पाठवला.

१९ ऑक्टोबर: पुढच्या सत्राची तयारी

पुढचं सत्र लहान करायचं. एकच नदी, मेकाँग. १९९५च्या करारातून झालेल्या आयोगात कंबोडिया, लाओस, थायलंड आणि व्हिएतनाम हे सदस्य आहेत. चीन आणि म्यानमार संवाद-भागीदार, म्हणजे सदस्य नाहीत, पण चर्चेत असतात. सहा शिष्टमंडळं, प्रत्येकात चौघं, म्हणजे मासेमारी, वीज, शेती आणि परराष्ट्र अशी खाती शिष्टमंडळाच्या आतच वाटता येतील. सूचनापत्रं आता खात्यागणिक लिहावी लागतील, आणि एकाच देशाच्या दोन खात्यांच्या सूचना एकमेकींशी न जुळणाऱ्या ठेवायच्या, म्हणजे आधी घरातच वाटाघाट करावी लागेल. तक्ता तयार करायला घेतला आहे. तुर्कस्तानच्या पत्रात या वेळी 'सोडलं तरी चालेल' हा भाग जवळजवळ रिकामा होता आणि त्या जोडीला पहिल्या दिवशी करायला फार काही उरलं नाही. चीनचं पत्र लिहिताना ते टाळायचं आहे. सगळी पत्रं मेअखेरपर्यंत हातात हवीत, देशवाटप त्यानंतरच.